इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण मेलमध्ये उतरवले की घोटाळा होतो. सोलापूरकरांनो, मार्ग सुचवा

ताणी_पूर्वभाग | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःची अडचण घेऊन आले आहे.

मी एमआयडीसीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मर्चंडायझिंग, म्हणजे ग्राहकांच्या ऑर्डरी आणि पत्रव्यवहार, बघते. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू, पूर्व भागातल्या विणकर वस्तीत कुणाचंही असतं तसंच. इंग्रजी पहिलीपासून होती, पण धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरती. पुढच्या वर्षी परदेशात टेक्स्टाइलमध्ये मास्टर्स करायचं मनात आहे. म्हणून त्यासाठी लागणाऱ्या जीआरई आणि आयईएलटीएस या दोन्ही परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून अकराशे शब्दांची एक यादी घेतली. रोज वीस शब्द, ऑफिसला निघायच्या आधी. दोन महिन्यांत यादी संपली. आज कुणी विचारलं तर बहुतेक शब्दांचे अर्थ सांगता येतात.

गेल्या पंधरवड्यात एका ग्राहकाचा मेल आला. दुसऱ्या लॉटमधल्या टॉवेलचं हेम स्टिचिंग, म्हणजे दुमडलेल्या कडेची शिवण, ‘शॉडी’ आहे, असं त्यात होतं. हा शब्द माझ्या यादीत नव्हता. मला वाटलं, शेडचं काहीतरी आहे, हेमच्या दोऱ्याचा रंग टॉवेलशी जुळत नसणार. मी शेड कार्ड काढलं, डाइंगवाल्यांना निरोप दिला, आणि ग्राहकाला लिहिलं, ‘वी विल अमीलिअरेट द टॉवेल्स’. यादीत अमीलिअरेट म्हणजे सुधारणे असं दिलेलं होतं. दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन. तुम्ही टॉवेलचं नक्की काय करणार आहात? पुन्हा शिवणार, बदलून देणार, की पैसे वळते करणार? तोवर तो माल तसाच पडून होता आणि डाइंगवाले नसलेली चूक शोधत बसले होते.

साहेब रागावले नाहीत. पण मला फार लागलं. यादीतला शब्द वापरला तो चुकला, आणि आमच्याच धंद्यातला शब्द मला ठाऊक नव्हता. पुढच्या पातळीचा शब्दसंग्रह करायचा तर कसा? ज्यांनी खरंच केलाय त्यांनी सांगावं.


पार्क_चौक | रविवार, रात्री १०.०५

यादी सोडू नका ताई. मी बँकेच्या परीक्षा देतोय, यादीशिवाय वेळेत काहीच होत नाही. अकराशेची दोन हजार करा.


कंबर_तलाव | रविवार, रात्री ११.२०

ताणी, मी सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवली. जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या मेलमध्ये शब्दाचा अर्थ चुकलेला नाही, त्याची सोबत चुकली. मराठीत बघ. दुरुस्ती, सुधारणा, उन्नती, उद्धार या चारही शब्दांत काहीतरी चांगलं होणं आहे. पण सायकलची दुरुस्ती होते, समाजाची उन्नती होते. सायकलची उन्नती करून द्या, असं आपण दुकानात सांगत नाही. हे तुला कुणी शिकवलं नाही, हजार वेळा ऐकून ते कानात बसलं. अमीलिअरेट हा उन्नतीच्या पंक्तीत बसणारा शब्द आहे. तो परिस्थितीला लागतो, त्रास, दारिद्र्य, हाल कमी करण्याला लागतो. टॉवेलला रीस्टिच, रिप्लेस हेच शब्द. ग्राहकाला तेच ऐकायचं होतं.

इंग्रजीत हे असे थर कुठून आले? १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कितीतरी पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली, धर्माची आणि विद्येची लॅटिन, आणि शेतात-स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी. म्हणून एकाच कामाला तीन-तीन शब्द झाले. मैत्रिणीला ‘आस्क’ करायचं, मंत्र्याला ‘क्वेश्चन’ करायचं, आरोपीला ‘इंटरॉगेट’ करायचं. पहिला घरचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिन. आपल्याकडे हुबेहूब हेच आहे. आईला विनंती, बँकेत अर्ज, हायकोर्टात याचिका. विनंती प्राकृतातून घासूनपुसून आली, अर्ज अरबी-फारसीतून, याचिका थेट संस्कृतातून. तिन्हींत मागणंच आहे, पण आईकडे याचिका दाखल केली तर ती घाबरेल.

तेव्हा नवा शब्द भेटला की अर्थाच्या आधी एवढं विचार, की हा घरातला, कचेरीतला की पोथीतला? यादीत वीस शब्द एका रांगेत, एकाच अक्षरात छापलेले असतात. त्यांची ही जात यादी सांगत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वही घालायला लावायचे. डाव्या पानावर शब्द जिथे सापडला ते अख्खं वाक्य, जसंच्या तसं. त्याखाली तो कुणाबरोबर येतो ते दोन-तीन शब्द. उजव्या पानावर स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. खरं हं. ‘द किंग वॉज बेनेव्हलंट’ चालणार नाही. आजीबद्दल लिही, बसच्या कंडक्टरबद्दल लिही. एका दिवशी पाच शब्द झाले तरी पुष्कळ.


जेकार्ड_काका | सोमवार, सकाळी ६.५०

बाईंनी सोबतीचं सांगितलं, मी शॉडीचं सांगतो. तो शब्द मागावरचा आहे, म्हणून रात्रीच लिहायला बसणार होतो.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, ती १८७७ सालची मिल. मी स्वतः विव्हिंग मास्टर म्हणून निवृत्त झालो. कॉलेज नाही. इंग्रजी शिकलो ती मशिनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

यॉर्कशरमध्ये बॅटली नावाचं गाव आहे. तिथे १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, पुन्हा सूत कातायचा धंदा सुरू झाला. त्या मालाचं नाव शॉडी. तेव्हा ती शिवी नव्हती, कापडाची जात होती. पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या ठेकेदारांनी सैनिकांना त्या मालाचे गणवेश पुरवले, आणि ते अंगावरच फाटू लागले. त्या बदनामीपासून शॉडी म्हणजे हलकं, निष्काळजीपणे केलेलं काम, असा अर्थ घट्ट झाला. तुमचा ग्राहक रंगाबद्दल बोलतच नव्हता, हात राखून काम केलंय असं म्हणत होता.

आता मुख्य गोष्ट. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणं. त्यातून टेक्स्टाइल आलं हे आपल्याला माहीत असतं. पण टेक्स्टही त्यातूनच आलं. मजकूर म्हणजे विणलेली गोष्ट. टेक्श्चर म्हणजे वीण. कॉन्टेक्स्ट म्हणजे एकत्र विणलेलं, आणि गंमत बघा, आपला ‘संदर्भ’ हाही मुळात गुंफण्याचाच शब्द आहे. प्रीटेक्स्ट म्हणजे पुढे विणून धरलेला पडदा, म्हणजेच खरं कारण झाकायला पुढे केलेलं निमित्त. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाजारपेठेतल्या दुकानाच्या दारावर टांगलेली चादर आली. आत काय चाललंय ते दिसत नाही, वरची नक्षी तेवढी दिसते. तो अर्थ चाळीस वर्षांत कधी विसरलो नाही.

प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवून तयार करतात तिथे, स्टेंटर असतो. ओलं कापड दोन्ही कडांना धरून ताणून वाळवायचं मशिन. त्याचा पूर्वज म्हणजे टेंटर, लाकडी चौकट. तिला हुक असायचे आणि धुतलेलं लोकरी कापड त्यांवर ताणून ठेवायचे. इंग्रज माणूस चिंतेत अडकला की ‘ऑन टेंटरहुक्स’ असतो. आपला जीव टांगणीला लागतो. दोघांनीही काहीतरी टांगलेलंच पाहिलंय.

आणि ‘क्लू’. त्याचं जुनं रूप ‘क्ल्यू’, म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेत भुलभुलैयातून बाहेर यायला नायक सुताचा गुंडा उलगडत जातो, त्यावरून तपासातला दुवा. आपल्याकडे पोलिसांना काय सापडतं? धागेदोरे.

धोट्याला इंग्रजीत शटल म्हणतात हे तुमच्या वडिलांनाही माहीत असेल. तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे, तिकडून इकडे जातो, म्हणून ये-जा करणारी गाडीही शटल. मागाजवळ जन्मलेल्या मुलीनं इंग्रजीला बिचकायचं कारण नाही. तिचे कितीतरी भारी शब्द आपल्या खटखटाटातून निघालेत.


ताणी_पूर्वभाग | सोमवार, दुपारी १.३०

काका, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुन्हा वाचलं. बाई, तुमची वही आजच घेतली. वडील चाळीस वर्षं मागावर होते. रात्री त्यांना प्रीटेक्स्टचं सांगणार आहे.

पण एक विचारते. असा एकेक शब्द समजून घेतला तरी महिन्यानं तो आठवेल का?


सिव्हिल_इंटर्न | सोमवार, रात्री ८.१५

एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीला फार वेगानं होतं, मग मंदावतं, असं त्यात दिसलं. म्हणून एका बसणीत दहा वेळा घोकण्यापेक्षा वाढत्या अंतरानं पाच वेळा आठवून बघणं चांगलं. आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी, महिन्यानं.

मी मिठाईचे पाच रिकामे खोके वापरते. चिठ्ठीवर एका बाजूला वाक्य, शब्दाच्या जागी मोकळी रेघ, मागे शब्द. आठवला तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, अडला तर परत पहिल्यात. पहिला खोका रोज, पाचवा महिन्यातून एकदा. ही लाइटनर यांची पद्धत. मोबाइलवर हवी असेल तर अंकी नावाचं ॲप आहे.

आम्हाला मेडिकलला ग्रीक मुळांनी वाचवलं. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘आयटिस’ म्हणजे दाह. पहिल्या वर्षी डोंगर वाटलेले शब्द वर्षअखेरीला सुट्या भागांचे झाले.


पार्क_चौक | सोमवार, रात्री ८.५०

मुळांचं सगळं पटत नाही मला. सराव परीक्षेत ‘एनर्व्हेट’ आला. त्यात नर्व्ह दिसलं, म्हणजे जोश आणणे असणार असं धरलं. उत्तर नेमकं उलटं, शक्ती काढून घेणे. ‘इनफ्लेमेबल’ला ‘इन’ लागलं म्हणून पेट न घेणारं समजलो, तर ते पेट घेणारंच. आणि माझ्या हातात चाळीस दिवस आहेत ओ. मी इतिहास वाचत बसू का?


कंबर_तलाव | सोमवार, रात्री १०.१०

बाळा, तुझा मुद्दा बरोबर आहे आणि तो या धाग्यावर यायलाच हवा होता. मुळावरून अर्थ ओळखायला जाऊ नये. अर्थ कळल्यावर तो लक्षात ठेवायला मूळ वापरावं. एनर्व्हेटमधला ‘ए’ म्हणजे बाहेर आणि नर्व्ह म्हणजे मुळात कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती दोरीच काढून घेतली, मग माणूस गळून जाणारच. आता तू हा शब्द विसरशील का?

चाळीस दिवसांत यादी कर, जरूर कर. फक्त प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य लिही. ताणीचं मात्र वेगळं आहे. जीआरईमधले विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते, म्हणजे शब्द कुठे बसतो हेच बघतात. आयईएलटीएसच्या लेखनात आणि संभाषणात चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा, आणि त्यातही वरच्या बँडला, म्हणजे वरच्या गुणांना, कोणता शब्द कोणाबरोबर शोभतो याची जाण बघतात. अवघड शब्द चुकीच्या जागी पेरले तर तिथे तोटाच होतो.


हुतात्मा_पासधारक | मंगळवार, सकाळी ९.००

पुण्याच्या गाडीतून लिहितोय. माझा सगळा शब्दसंग्रह या प्रवासात झाला, वाचून. वह्या-खोके मला जमले नाहीत.

पॉल नेशन नावाचे भाषातज्ज्ञ आहेत. २००६ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की वर्तमानपत्र किंवा कादंबरी मदतीशिवाय वाचायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं एक कुटुंब. आकडा मोठा वाटतो, पण आपल्याला साध्या इंग्रजीतले दोन-तीन हजार आधीच येत असतात.

मी त्यातून माझ्यापुरता नियम केला. तीनशे शब्दांच्या पानावर सहापेक्षा जास्त वेळा अडलो तर ते पुस्तक आत्ता ठेवून द्यायचं, सोपं घ्यायचं. सहाच्या आत असेल तर डिक्शनरी न उघडता वाचत सुटायचं, आणि तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला की मगच बघायचा. तिसऱ्यांदा आलेला शब्द कामाचा असतो. सोलापुरात असताना हिराचंद नेमचंद वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्राचं फक्त अग्रलेखाचं पान घेऊन बसायचो. एक अग्रलेख, पाऊण तास. तीन महिने अवघड गेलं, नंतर पाऊण तासाची वीस मिनिटं झाली.

ताई, तुम्हाला मास्टर्सला जायचंय तर एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट बघा. ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि विद्यापीठातल्या लेखनाचा सुमारे दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. जीआरईच्या यादीतले निम्मे शब्द आयुष्यात दोनदा भेटतील, हे रोज भेटतील.


पंदिकोक्कु | मंगळवार, दुपारी ३.४०

मीपण पूर्व भागातलाच. एक छोटी भर. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ म्हणजे घूस, तो तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून गेलाय, डुक्कर-उंदीर. आणि ‘मंगूस’ मराठीतल्या मुंगसावरून. आमच्या घरातले दोन प्राणी डिक्शनरीत बसलेत हे कळल्यापासून पोरगा रोज एक शब्द शोधून आणतो.


कंबर_तलाव | मंगळवार, रात्री ९.३०

एक साधन सांगायचं राहिलं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो मोफत शोधता येतो. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ बघायची सवय आपल्याला असते. कधीतरी उलटं करावं. आपल्या मनात जो नेमका मराठी शब्द आहे तो घालून त्याला इंग्रजीत कसं उलगडलंय ते वाचावं. इंग्रजी जुनी आहे, तशीच्या तशी मेलमध्ये घालू नये. पण एका मराठी शब्दाच्या छटा इंग्रजीत कशा वेगळ्या करायच्या, हे त्यातून फार छान कळतं. ज्याची मराठी बारीक आहे त्याला इंग्रजीतला बारीकपणाही लवकर दिसतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.


ताणी_पूर्वभाग | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.००

सगळ्यांना सांगायला आले. वहीत ८३ शब्द झालेत. रोज पाच ठरवले होते, चारच जमतात. पहिलं पान शॉडीचं आहे.

परवा दुसऱ्या एका ग्राहकाची तक्रार आली. पाच धुण्यांनंतर टॉवेलची कड खराब होते, फोटो सोबत. फोटोत दोरे लोंबताना दिसत होते. बाईंनी सांगितलं तसं आधी मराठीत विचार केला आणि तिथेच अडकले. दशा निघाल्यात म्हणू, उसवलंय म्हणू, की कापड विरलंय? आईला विचारलं तर तिनं तेलुगूतले आणखी दोन सांगितले. काका, इंग्रजीत ‘फ्रे’ आणि ‘अनरॅव्हल’ यांतलं काय वापरू? दोन्ही डिक्शनरीत सारखेच दिसतात.


जेकार्ड_काका | शनिवार, रात्री १०.४५

सारखे नाहीत. घासून घासून कडेच्या दशा निघाल्या तर फ्रे. माणसाच्या रागालाही तोच शब्द आहे, गर्दीत, उकाड्यात ‘टेम्पर्स फ्रे’. एक दोरा ओढला आणि सगळी वीण सुटत गेली तर अनरॅव्हल. ठरवलेला बेत एकामागून एक फसत जातो तेव्हा तोही अनरॅव्हल होतो. कापड झिजून विरलं तर ‘वेअर थिन’. कुणाचा धीर सुटत आला की ‘पेशन्स वेअर्स थिन’ म्हणतात. टाका सुटून शिवण उसवली तर ‘कम अनडन’.

फोटोवरून मी सांगू शकत नाही. टॉवेल हातात घ्या आणि वडिलांना दाखवा.


ताणी_पूर्वभाग | सोमवार, संध्याकाळी ७.१५

दाखवला. वडिलांनी चष्मा लावला, कड उलटी केली, अंगठ्याच्या नखानं शिवण थोडी ताणली आणि म्हणाले, कापडाला काही झालेलं नाही, काठ पक्का आहे. टाका लांब पडलाय, म्हणून शिवण उसवलीय आणि आतली कापलेली कड बाहेर आलीय. फोटोत दिसतात ते तिचे दोरे.

मग मेल लिहिला. हेमची शिवण ‘हॅज कम अनडन’, कारण ‘द स्टिच इज टू लाँग’; त्यामुळे आतली कापलेली कड ‘इज फ्रेइंग’; कापडात दोष नाही; हा लॉट आम्ही आखूड टाक्यानं ‘रीस्टिच’ करून देतो, नऊ दिवस लागतील. पाच ओळी. संध्याकाळी उत्तर आलं, ठीक आहे, नऊ दिवस चालतील.

वहीत चारही शब्द एकाच पानावर घेतलेत. उजव्या बाजूला वडिलांचं वाक्य तेलुगूतच लिहिलंय.